फोटोतली जांभळी शाल

एक अंगठा मोबाइलच्या काचेवर हळूच उजवीकडे सरकला. अंधारलेलं सभागृह उजळलं, हारातली शेवंती पिवळीधमक झाली.

सरकारी दवाखान्यात नर्सनं एका म्हाताऱ्याचे कपडे पिशवीत कोंबले आणि पिशवी खाटेखाली सरकवली. "बाबा, नाव सांगा की हो."

निपाणीत एका गॅरेजवाल्यानं टेम्पोच्या दाराला नवी कडी बसवली.

"नाही हो, आमचे ते नव्हेत," असं म्हणून दत्तोपंतांनी फोन ठेवला.

सुलाबाईच्या ओच्यात शुगरच्या गोळ्यांची पट्टी होती.

*

ती पट्टीच तिनं टेबलावर ठेवली.

"ह्या घरातच ऱ्हायल्या, ताई. सोमवारपास्नं माणूस बिनगोळीचा हाय. आज गुरुवार. पोलीस म्हणत्यात, येतील. कुठनं येतील?"

बेळगावच्या कॅम्पातलं हे ऑफिस मुळात दत्तोपंत वकिलांचं. वकिली सोडल्यावर त्यांनी ते पुतणीला, निवेदिताला दिलं. ती खासगी तपासाची कामं घेई, आणि दत्तोपंत तिच्याबरोबर हिंडत. हिंडण्यापलीकडे आपला उपयोग काय, असं त्यांना अधूनमधून वाटे.

सुलाबाईचे यजमान सत्याप्पा बेळगुंदीचे. चाळीस वर्षं सोंगी भजनात बाईचं सोंग घेऊन नाचलेले. सोमवारी निपाणीच्या एका मंडळानं त्यांचा सत्कार केला. तिथून ते निपाणीतच राहणाऱ्या बहिणीकडे जेवायला जाणार होते. पोचलेच नाहीत.

"ह्यो फोटू." सुलाबाईनं फोन पुढं केला. "गुरुपवर आलता. पोलिसांनी बी ह्योच लावलाय."

फोटो लग्नाच्या अल्बमसारखा लखलखीत होता. हार, हसरे सत्याप्पा, आणि खांद्यांवर झगझगीत जांभळी शाल.

"एवढी भडक शाल कुणाच्या नजरेतून सुटणार?" दत्तोपंत म्हणाले, आणि हुरूप येऊन दवाखान्यांना फोन लावायला बसले. बेळगाव झालं, निपाणी झाली, सीमेपलीकडचे, महाराष्ट्रातले दोन झाले. जांभळी शाल पांघरलेला म्हातारा कुणाकडेच नव्हता.

"एके ठिकाणी एक बेवारस आहे म्हणाले," त्यांनी सांगितलं, "पण वर्णन जुळत नाही."

"काय जुळत नाही, काका?"

तेवढ्यात 'बेवारस' हा शब्द ऐकून सुलाबाईनं जो टाहो फोडला, त्यात उत्तर राहून गेलं.

*

मंडळाचा चिटणीस श्रेयस सभागृहात खुर्च्या लावत होता.

"एक वाजता कार्यक्रम संपला. मी स्वतः दारापर्यंत सोडलं त्यांना. चालत गेले, एकटेच."

"सत्काराची शाल कुणी आणली?"

"मीच. त्याच दिवशी सकाळी. स्टेजवरच घडी मोडली."

"आणि फोटो?"

"तोही माझाच. पण इथल्या ट्यूब बघा, कशा मेलेल्या! फोटो अगदीच मरगळलेला आला होता. मग उजळवला, रंगांना जरा उठाव दिला आणि टाकला ग्रुपवर. काय खुललेत आप्पा!"

माणूस हरवलाय आणि ह्याला खुलण्याचं पडलंय! दत्तोपंत मनातल्या मनात चरफडले.

*

बहिणीचं, राजाबाईचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. भावजयीला दारात बघून तिनं तोफ डागली.

"आता आलीस व्हय? मी ताट वाढून दिवस मावळंपतूर बसल्ये. त्याला नटायची लई हौस! जांभळी शाल मिळाल्यावर पेठेत मिरवाय गेला असंल."

"वन्सं, असं बोलू नगा."

"मग कसं बोलू गं?" असं म्हणेपर्यंत राजाबाईचा पदर तोंडाला गेला. "सत्काराला मी गेल्ये न्हाय. नाच्याची भन म्हणत्यात लोक. न्हाय गेल्ये."

बाहेर टेम्पो थांबला. राजाबाईचा मुलगा रवळू आला होता. निवेदिता दारात उभी राहून टेम्पो न्याहाळत होती. सगळा टेम्पो धुळीनं माखलेला. डाव्या दाराची कडी तेवढी कोरी.

"सोमवारी मी बेळगावात," रवळूनं विचारायच्या आधीच सांगितलं. "माल घिऊन सकाळी गेलतो, अंधार पडल्यावर आलतो. मामाला दिवाळीपास्नं बघितलंच न्हाय. त्यो गुरुपवरचा फोटू बघितला, तेवढंच."

"कुठं गेले असतील?"

"काय सांगू, ताई? गारठा किती पडतोय. त्या पातळ राखाडी शालीनं काय थंडी ऱ्हातीया?" मग तो सुलाबाईकडे वळला. "मामी, तू जेवलीस का?"

सुलाबाईनं नाही म्हणून मान हलवली. रवळूनं तिच्याकडे बघायचं टाळलं, चहा घशात ओतला आणि उठला. "भाडं हाय."

"भाडं थांबेल," निवेदिता म्हणाली. "बसा."

आणि तिनं श्रेयसला फोन करून बोलावून घेतलं.

*

"मूळ फोटो आहे तुमच्याकडे? न उजळवलेला?"

श्रेयसनं शोधून काढला. दत्तोपंतांनी चष्मा सारखा केला. तेच सत्याप्पा, तोच हार. पण सगळ्यावर काजळी धरल्यासारखी. आणि शाल चुलीतल्या राखेच्या रंगाची.

श्रेयस बघतच राहिला. "पण... जांभळी होती की!"

"विकत तुम्हीच आणलीत ना?"

"हो. पण तो फोटो इतक्यांदा बघितला... माझ्याही डोक्यात जांभळीच बसली."

"राखाडी रंगात जांभळ्याची नुसती झाक होती. रंगांना उठाव दिल्यावर झाकेचाच रंग झाला. सुलाबाईंनी ती शाल पाहिली नव्हती. राजाबाईंनी नाही, पोलिसांनी नाही, मीही नाही. फोटोवर ज्यांची भिस्त, ते सगळे जांभळी म्हणाले. शाल सोमवारी सकाळी आणली, स्टेजवर उघडली. ती राखाडी आहे हे सभागृहातल्यांना माहीत, नाहीतर त्यानंतर जे सत्याप्पांना भेटले त्यांना." निवेदिता वळली. "रवळू, तुम्ही सभागृहात नव्हता. तुम्ही फक्त फोटो पाहिलात. मग शाल राखाडी कशी? आणि ती पातळ आहे, हे तर कुठल्याच फोटोत दिसत नाही."

रवळूनं दाराबाहेर टेम्पोकडे बघितलं.

"ते तुमच्या टेम्पोत डाव्या बाजूला बसले. दाराची जुनी कडी धड नव्हती. ती निसटली. म्हणून नवी बसवलीत."

"रवळ्या," राजाबाई म्हणाली, "न्हाय म्हण. आरं, न्हाय म्हण की!"

रवळू आईसमोर खाली बसला.

"मामाला मीच टेम्पोत घेतलं व्हतं, आई. बेळगावला गेलोच न्हाय. कागलच्या वाटंला एक पोतं टाकायचं हुतं. मामा वाटंत दिसला, म्हटलं चल, फेरी मारून घरी जाऊ. वळणावर दार उघडलं... मागचं चाक पायावरनं गेलं. उचलून पलीकडच्या दवाखान्यात नेला. रस्त्यात गावला म्हणून सांगितलं आन् पळालो. वाटलं, शुद्धीवर आला की नाव सांगंल. घरची मानसं शोधत येतील."

"पलीकडं," निवेदिता हळू म्हणाली. "म्हणजे तक्रार कर्नाटकात आणि माणूस महाराष्ट्रात. इकडचे पोलीस तिकडं विचारेपर्यंत... काका, तुमचा तो बेवारस म्हातारा. काय जुळत नव्हतं?"

दत्तोपंतांनी चष्मा काढला.

"शाल," ते म्हणाले. "फोनवरच्या नर्सबाई म्हणाल्या, राखाडी आहे. मी म्हणालो, आमचे ते नव्हेत."

सुलाबाई चपला न घालताच गाडीत जाऊन बसली होती.

*

सत्याप्पांचे डोळे अर्धवट उघडे होते, पण ते कुणाला बघत नव्हते. डोक्याला पट्टी होती. पायावरच्या चादरीतून वास येत होता.

"डोक्याला मार आहे, शुद्ध येते-जाते," डॉक्टर म्हणाले. "जगतील. पण शुगर भयंकर वाढलेली. पाय मंगळवारी वाचला असता, आता पसरलंय. गुडघ्यापासून काढावा लागेल. सही करायला तीन दिवस कुणी नव्हतं."

"नाचायचा पाय हाय त्यो," सुलाबाई म्हणाली.

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी पेन पुढं केलं. तिनं सही केली, पेन परत दिलं, आणि चादरीवरून तो पाय चेपत बसली. दत्तोपंत दाराशी उभे होते. आत जायला त्यांचं पाऊल उचलेना.

सोमवारी सुलाबाईही सत्कार बघायला निपाणीला जाणार होती. म्हैस व्यायला झाली होती, म्हणून ती मागे राहिली.