एकाच नावाचे दोन समतोल

अन्विताच्या कमरेला लावलेल्या पंपावर 'समतोल ७' अशी अक्षरं होती. तिच्या फोनवरही 'समतोल ७' अशीच अक्षरं होती. दोन्हीकडे हिरवी खूण होती, म्हणजे सगळं ठीक. मग तिचे हात का थरथरत होते?

साल होतं २०४३. लातूरच्या शाळेत चित्रकलेचा तास चालू होता. अकरा वर्षांच्या अन्विताच्या शरीरात इन्सुलिन (रक्तातली साखर आटोक्यात ठेवणारं द्रव्य) तयार होत नसे. म्हणून तिच्या दंडावरचा संवेदक (बदल ओळखून कळवणारं छोटं यंत्र) दर पाच मिनिटांनी साखर मोजायचा, फोन हिशेब करायचा आणि पंप तेवढं इन्सुलिन शरीरात सोडायचा. हे सगळं चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव 'समतोल'. तिचे आजोबा, संगणकशास्त्रज्ञ डॉ. विश्वनाथ बिडवे, यांनी तो अन्विता चार वर्षांची असताना तिच्यासाठीच लिहायला घेतला होता.

तिच्या हातातून ब्रश पडला. मानेवर गार घाम आला. समोरचे रंग एकमेकांत मिसळल्यासारखे दिसू लागले.

"बाई, माझी साखर..." एवढंच ती बोलू शकली.

बिराजदार बाईंनी फोन पाहिला. आकडा ४८, आणि बाजूचा बाण खाली; सत्तरच्या खाली म्हणजे धोका. वर्षाच्या सुरुवातीलाच अन्विताच्या आईने त्यांना सगळं शिकवून ठेवलं होतं. त्यांनी आधी पंपाची नळी सोडवली, मग तिला ग्लुकोजचं पाणी पाजलं. तरी आकडा ४४ झाला. मग ४१. आता आपल्याला झोप लागेल आणि जागच येणार नाही, असं अन्विताला वाटलं. बाई तिचा हात सोडत नव्हत्या. "पाढे म्हण. सातचा म्हण. थांबू नकोस," असं त्या पुन्हापुन्हा सांगत होत्या. सातचा पाढा तिसऱ्यांदा म्हणून झाला तेव्हा कुठे आकडा ५३ झाला, आणि मग ७०.

बाईंचा फोन जाताच आजोबा धावतपळत आले. त्यांच्या शर्टाची बटणं खालीवर लागली होती. त्यांनी अन्विताच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि पंप नि फोन दोन्ही लॅपटॉपला जोडले. पडद्याकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"पंपात माझा समतोल आहे," ते हळूच म्हणाले. "फोनमध्ये त्यांचा."

"त्यांचा म्हणजे? समतोल तर एकच आहे ना?"

"दोन आठवड्यांपूर्वीपर्यंत एकच होता."

आजोबा तिच्याशेजारच्या बाकावर बसले. समतोल हा 'मुक्त स्रोत' प्रोग्राम होता (म्हणजे त्याची आज्ञावली, संगणकाला दिलेल्या सूचना, सगळ्यांसाठी खुली होती, कुणीही वाचावी, वापरावी, बदलावी). नऊ जण मिळून तो सांभाळायचे. आजोबांनी जेवण आपोआप ओळखणारी एक नवी पद्धत शोधली होती. बाकीचे म्हणाले, आधी तीन महिने तपासू. मत घेतलं तेव्हा सात जण आजोबांच्या विरोधात गेले.

"मला राग आला. मी माझा 'समतोल ७' परस्पर काढला. आणि समतोल हे नाव वापरायचं नाही, अशी त्यांना नोटीस पाठवली. त्यांनीही आधी ठरल्याप्रमाणे त्यांचा 'समतोल ७' काढला. तुझ्या फोनचा भाग त्यांच्याकडून आला, पंपाचा माझ्याकडून. आज सकाळी दोन्ही तुझ्याकडे येऊन पोचले."

"पण माझी साखर का उतरली?"

"डबा खाताना फोनने पंपाला दहा हा आकडा पाठवला. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ दहा दशांश, म्हणजे एक युनिट. माझ्या पंपाने तो दहा युनिट असा वाचला. एका वेळी चारच्या वर द्यायचं नाही अशी पंपाला मर्यादा आहे, म्हणून चारच गेले."

"पंपाला कळलं नाही? फोनमध्ये दुसराच समतोल आहे ते?"

"तो नाव आणि क्रमांक पाहतो. दोन्ही तेच होते."

अन्विताने पांघरलेली बाईंची ओढणी घट्ट धरली. "पण आज्ञावली कुणीही बदलू शकतं ना? मग चूक कुणाची?"

"आज्ञावली सगळ्यांची आहे. नाव तसं नसतं. समतोल हा ट्रेडमार्क माझ्या नावावर आहे (नोंदणी केलेलं नाव किंवा खूण, वस्तू कुणाकडून आली ते त्यावरून कळतं). आई मेडिकलमधून तुझं इन्सुलिन आणते, तेव्हा बाटली फोडून तपासते का?"

"नाही. नाव वाचते."

"कारण त्या नावामागे कुणीतरी जबाबदार आहे. आता दोन वेगळ्या औषधांवर एकच नाव चिकटवलं तर?"

अन्विताने विचारलं, "समतोल किती जण वापरतात?"

"अकरा हजार."

"त्यातल्या किती जणांकडे असे दोन आलेत?"

"माहीत नाही," आजोबा म्हणाले. आपले आजोबा घाबरलेले तिने पहिल्यांदाच पाहिले.

त्यांनी इशारा लिहायला घेतला, पण अर्ध्यावरच थांबले. गेले दोन आठवडे दोन्ही बाजू एकमेकांविरुद्ध पत्रकं काढत होत्या. एकट्या आजोबांनी 'पंप थांबवा' म्हटलं, तर निम्मे लोक म्हणणार, हे त्यांचं भांडणच चाललंय.

"मग दोघांनी मिळून सांगा," अन्विता म्हणाली. "नसीमामावशीला फोन करा."

नसीमा शेख सोलापुरात गणित शिकवायच्या. त्यांच्या स्वतःच्या कमरेलाही पंप होता, आणि विरोधात गेलेल्या सात जणांच्या वतीने त्याच बोलत होत्या.

"मी तिला काय काय लिहिलंय, तुला ठाऊक नाही," आजोबा पुटपुटले.

"करा ना, आजोबा! आत्ता आणखी कुणाचे तरी हात थरथरत असतील."

त्यांनी फोन लावला. "नसीमा, अन्विताची साखर एक्केचाळीसवर गेली होती. दोन्ही समतोल एकत्र आलेत."

पलीकडून आवाज आला, "आता कशी आहे पोर? ... बरं. सर, तुम्ही लिहा, मी वाचते. खाली दोघांची नावं घालू."

सव्वाएकला इशारा गेला. तो मिळताच एकेक फोन आपली माहिती कळवू लागला. दोनशे बारा जणांकडे सरमिसळ निघाली. नऊही जणांनी यादी वाटून घेतली आणि घरोघरी फोन सुरू केले. अन्विता घरी आली, तरी पडद्यासमोरून हलेना. चार वाजेपर्यंत एकच नाव उरलं: धुळ्याची आठ वर्षांची मुलगी. तिकडून कुणी फोन उचलत नव्हतं. नसीमामावशींनी अकरा वेळा लावला.

बाराव्या वेळी मुलीचे बाबा बोलले. मुलगी पोहायला गेली होती आणि पंप घरीच कपाटात होता.

नसीमामावशींना बोलताना रडू फुटलं. मग त्या म्हणाल्या, "सर, आज अन्विताने तुम्हाला फोन करायला लावला, म्हणून निभावलं. पुढच्या वेळी? नाव एका माणसाच्या हातात नको. तुमच्याही नको, माझ्याही नको."

"नाव माझ्याकडे असलं की समतोल सुरक्षित राहील, असं मला वाटायचं," आजोबा म्हणाले.

त्यांनी ठरवलं, की नाव एका विश्वस्त मंडळाकडे द्यायचं (सगळ्यांची वस्तू नियमाने सांभाळणारा गट). निर्णय मतदानाने होतील. ज्याला एखादा निर्णय पटणार नाही, त्याने आज्ञावली खुशाल न्यावी आणि आपली वेगळी वाट धरावी; फक्त नावही वेगळं घ्यावं.

"म्हणजे भांडायला बंदी नाही, वेगळं व्हायलाही नाही," अन्विता विचार करत म्हणाली. "पण वेगळं झालं, की तसं सांगायचं. म्हणजे पंप फसणार नाही."

"एवढं साधं," आजोबा म्हणाले, "आणि मला कळायला तुझी साखर उतरावी लागली."

तीन आठवड्यांनी नाव मंडळाकडे गेलं. पहिल्याच बैठकीत आजोबांची पद्धत पुन्हा मताला आली आणि पुन्हा हरली. त्यांनी चष्मा पुसला. "ठीक आहे. तीन महिने तपासू," ते म्हणाले, आणि बैठक संपेपर्यंत बसून राहिले.

तोपर्यंत अन्विता इन्सुलिनच्या सुयाच टोचून घेत होती. आता पंपात आणि फोनमध्ये मंडळाचा एकच समतोल होता, आणि त्या संध्याकाळी पंप पुन्हा लावायचा होता. नळी हातात धरून ती नुसतीच बसली.

"आजोबा, तुम्ही नसाल तेव्हा हे कोण बघेल?"

आजोबांनी तिला मंडळाची नियमावली दाखवली. पाचव्या नियमात लिहिलं होतं, की मंडळातली एक जागा पंप लावणाऱ्यांनी निवडून दिलेल्या माणसाची असेल, आणि त्याला सोळा वर्षं पूर्ण झालेली हवीत.

अन्विताने मनात मोजलं. पाच वर्षं. मग तिने श्वास रोखला आणि नळी जोडली.