खारूताईचं खातं

पंपघरातलं माझं काम तसं रुक्ष आहे. टाकीतलं पाणी खाली गेलं की अभियंत्याला निरोप जायला हवा, पंप बंद पडला की फिटरला जायला हवा. हे निरोप माणूस पाठवत नाही, एक प्रोग्रॅम पाठवतो. त्याला ना बटणं, ना रंग. काळ्या खिडकीत कमांड टाइप करायची आणि एंटर दाबायचं. प्रत्येक पंपाचं एक खातं; खात्याला एक नाव, एक फोटो आणि ओळखीची एक ओळ. नवी खाती उघडायची, नावं बदलायची, मोडीत निघालेल्या पंपांची खाती बंद करायची, हे मी अकरा वर्षं करतोय. फिटर म्हणतो, पंपांची बारशी करणारा माणूस त्यानं दुसरा पाहिला नाही.

तोच प्रोग्रॅम मी घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर टाकला होता. मुलीसाठी. ती सात वर्षांची होती आणि तिला फोन द्यायचा नाही यावर आमचं दोघांचं एकमत होतं. पण आई कामावर असली की तिला निरोप धाडायची भारी हौस. म्हणून एक जादा नंबर घेतला आणि खातं उघडलं. नाव काय ठेवू, विचारलं तर म्हणाली, "खारूताई." पुढचे दोन दात नुकतेच पडले होते आणि आता बदाम कशानं फोडणार, म्हणून मी तिला चिडवत असे. फोटो स्वयंपाकघरात काढला. पिवळा फ्रॉक, पांढऱ्या कपाटाला टेकलेली, आणि हसताना मधोमध ती फट.

तीन महिन्यांनी ताप आला. नऊ दिवस राहिला. त्या नऊ दिवसांबद्दल मला लिहिता येत नाही.

त्यानंतर चौदा महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, बायको भांडी पुसता पुसता म्हणाली, "ते खातं बंद कर रे आता. फोनमध्ये काही शोधायला गेले की तिचं नाव वर येतं. दिवसभर मग काही सुधरत नाही."

"करतो," मी म्हणालो.

कॉम्प्युटर सुरू केला. खातं बंद करण्याआधी फोटो उतरवून ठेवावा, म्हणून तशी कमांड दिली. फाइल आली. उघडली.

कपाट नव्हतं. मागे फिकट हिरवी भिंत होती. केस खांद्यापर्यंत आले होते. आणि ती हसत होती, तोंडभर. पुढचे दोन दात होते.

मी हातानं नाही, डोक्यानं जगणारा माणूस आहे. आधी वाटलं, दुसरा कुठला फोटो असेल. नोंदी पाहिल्या. प्रोफाइल बदलल्याची तारीख त्याच दिवसाची होती, सकाळची. खात्याला जोडलेली उपकरणं पाहिली. एकच होतं, हेच, माझ्या पुढ्यातलं. आणि ते चौदा महिने बंद होतं. वरून चादर घातलेली होती, ती मीच काढली होती. पासवर्ड बदलला. पुन्हा फोटो मागवला. तोच आला.

बायकोला हाक मारली नसती तर बरं झालं असतं का, हे मला आजही ठरवता येत नाही.

ती ओल्या हातांनी आली. बराच वेळ बघत राहिली. मग आत जाऊन कपाट उघडल्याचा आवाज आला. परतली तेव्हा तिच्या हातात दातांचा एक्स-रे होता. दात पडले त्या वर्षी दातांच्या डॉक्टरांनी काढलेला. हिरडीच्या आत बसलेले दोन दात, त्यातला डावा तिरपा. डॉक्टर म्हणाले होते, हा असाच वाकडा येणार, पुढे तार लावावी लागेल.

तिनं तो खिडकीच्या उजेडात धरला, मग स्क्रीनशेजारी.

डावा दात वाकडा होता. तितकाच.

"बंद नको करूस," ती म्हणाली.

तिच्या स्वतःच्या फोनवर मात्र तो जुनाच फोटो होता, कपाट आणि पिवळा फ्रॉक. फोन जुनी प्रत जपून ठेवतो, असं मी तिला समजावलं. ते खरंही आहे.

पुढचे काही महिने आम्ही सुखात होतो. हा शब्द मी विचार करून वापरतोय. रोज सकाळी चहा झाला की ती खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसायची आणि मी कमांड द्यायचो. दहा-पंधरा दिवसांनी फोटो बदलायचा. कधी वेणी, कधी नाकावर खरचटलेलं. "पडली असेल सायकलवरून," बायको म्हणायची, आणि दिवसभर त्या खरचटण्याचीच काळजी करायची. उंची वाढली की दोघं मिळून अंदाज बांधायचो. बायको पुन्हा गुणगुणायला लागली होती. मावशीनं, म्हणजे तिच्या बहिणीनं, फोनवर मला विचारलं, "काय जादू केलीस रे?"

एकदा बायकोनं मुलीला निरोप पाठवला: 'जेवलीस का?' मी म्हणालो, "अगं, तो निरोप याच कॉम्प्युटरवर येणार. मीच तो उघडणार."

"मग नको उघडूस."

मी उघडला नाही. दुसऱ्या दिवशी बायकोच्या फोनवर निरोप वाचल्याची खूण होती. उत्तर आलं नाही. नंतरही कधी आलं नाही.

मग एका फोटोत दातांवर तार दिसली.

बायको हसता हसता थांबली. "तार कोणी लावली?"

मी फोटो मोठा करून पाहिला.

"दवाखान्यात कोणी नेलं तिला? ती तर दातांच्या डॉक्टरांना किती घाबरते. हात कोणी धरला असेल?"

पुढच्या फोटोत तो हात होता. मुलीच्या खांद्यावर, बाईचा, मनगटापर्यंतच. नखं बारीक कापलेली, अंगठ्याजवळ भाजल्याचा डाग. घर चालवणाऱ्या बाईचा हात. त्या हातात जबरदस्ती काहीच नव्हती आणि मुलगी त्याच्याकडे किंचित कललेली होती.

बायको त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "तिचा भांग ती बाई चुकीच्या बाजूला पाडते."

बायको खंगत चालली होती. मला ते बघवेना. एका सकाळी ती उठायच्या आधी मी खातं बंद करायची कमांड टाइप केली. पंपांची अशी कितीतरी खाती मी चहाचा घोट घेता घेता बंद केली आहेत. बोट एंटरवर होतं. मागून तिचा आवाज आला.

"ते दाबलंस तर तिचं काय होईल?"

"काही होणार नाही. आपल्याला दिसायची बंद होईल, इतकंच."

"माहितीये तुला? नक्की?"

मला माहीत नव्हतं. एकेक अक्षर खोडलं.

ती शेजारी बसली. "तिच्याकडे कोणाकोणाचे नंबर आहेत ते दिसतं का यात?"

दिसतं. खात्यात साठवलेल्या नंबरांची यादी काढता येते, आणि खातं ज्याचं त्यानं दिलेली नावंही. खातं उघडलं तेव्हा मी तिला तीनच नंबर भरून दिले होते: आई, बाबा, मावशी. इतक्या दिवसांत ती यादी काढायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. किंवा येऊ दिलं नव्हतं.

कमांड दिली.

सतरा नंबर होते. बहुतेक मुलींची नावं, वर्गातल्या असाव्यात. एक 'चित्रकला बाई'. मावशी नव्हती. मी नव्हतो. यादी दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिली.

'आई' होती. त्यापुढचा नंबर आमच्या ओळखीचा नव्हता.

बायकोचा नंबर सर्वांत शेवटी होता. त्याच्यापुढे लिहिलं होतं, 'पहिली आई'.

तिनं त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं, काचेवर, आणि तसंच ठेवलं. मग दुसऱ्या हातानं आपला फोन उचलला.

"नको," मी म्हणालो.

"मी काही मागणार नाही तिच्याकडे. फक्त भांगाचं सांगते."

तिनं 'आई'पुढचा नंबर लावला. फोन स्पीकरवर ठेवला. सकाळचे साडेआठ वाजले होते. रस्त्यावरून शाळेची गाडी जात होती.

रिंग वाजली. सात वेळा.

"हॅलो?" बाईचा आवाज. दमलेला, साधा. मागे नळ वाहत होता.

बायको फोनवर वाकली. नुसता श्वास.

पलीकडे नळ बंद झाला.

"कोण आहे गं आई?" मागून एक मुलगी म्हणाली. आवाज वयानं थोडा वाढलेला, तारेमुळे किंचित बोबडा.

"कोणी नाही. तू दप्तर भर." दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग ती बाई फोनच्या अगदी जवळ येऊन बोलली. रागावलेली नव्हती. आजारी माणसाशी बोलतात तसं बोलली.

"तुमचं दुःख मला कळतं हो. पण आता तुम्ही जा. हात जोडते. ती फार घाबरते. मागच्या वेळी तुम्ही दोघं रात्री तिच्या उशाशी येऊन उभे राहिलात तेव्हा चार दिवस झोपली नव्हती."

फोन कट झाला.

बायको माझ्याकडे बघत होती. आम्ही कुठेही गेलो नव्हतो.