नन्नाचा फळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या शेडच्या दारावर बावन्नचा आकडा लाल चमकत होता, आणि शेजारच्या कंपनीच्या दारावर हिरवा चौऱ्याण्णव. डिझाइन करणाऱ्या प्रत्येक टीमने आपला आकडा दारावर लावायचा, ही सक्ती येऊन तीन वर्षं झाली होती. आकडा काढायचा तोलक. टेबलावरची ही पोळपाटाएवढी चकती टीमचं बोलणं ऐकायची, आराखडे बघायची आणि ही माणसं किती पेलतील ते सांगायची. साठाच्या खाली सरकारी काम मिळत नसे.

बावन्नवाल्या टीमची प्रमुख मृदुला शेडबाळे हिला मात्र एक सरकारी काम हवंच होतं. घाट उतरणाऱ्या नव्या विजेच्या बसगाड्यांसाठी आपत्कालीन ब्रेक करायचा होता. मुख्य ब्रेक गेला तर चाळीस प्रवाशांचा जीव त्या एका ब्रेकवर राहणार होता. असलं काम आकडा बघून द्यायचं, याचाच तिला संताप येत होता.

"कारण सरळ आहे," सकाळच्या बसने घाट चढून आलेले परिवहन खात्याचे निंबकर म्हणाले. "महिन्याभरात या शेडमध्ये 'जमणार नाही' हे दोनशे अकरा वेळा म्हटलं गेलं. त्यातल्या एकशे नव्वद वेळा एकट्या आक्काताईंनी. त्यांना बाजूला करा, आकडा ऐंशीवर जाईल. मग आठ आठवड्यांत ब्रेक द्या."

आक्काताई लोहार टीमसाठी चाचण्या घेत. तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोडून बघितल्या होत्या. हात पुसत त्या म्हणाल्या, "ओल्या उतारावर ह्यो ब्रेक धरायचा न्हाई. वीस आठवडं लागत्यात."

"बघा, नन्नाचा पाडा सुरू!"

"पाडा सोडा, तो फळा वाचा," मृदुला म्हणाली.

भिंतीवर जुना काळा फळा होता. कुठलंही काम घेतलं की आपल्याला काय येत नाही ते आधी तिथे लिहायचं, ही त्यांची रीत. 'ओल्या रस्त्यावरची घसरण: माहिती नाही. पुण्याहून माणूस आणणे.' 'रबराचं मिश्रण: येत नाही.' त्याखाली आराखडे काढणाऱ्या नाझिमचं अक्षर होतं: 'माझं गणित कच्चं. दुसऱ्याकडून तपासून घेणे.'

निंबकर हसले. मृदुलाला ते हसू झोंबलं. ती तोलकाकडे वळली. "आमच्या आकड्यात तुझी चूक किती असू शकते?"

"तीनची," तोलक म्हणाला. "तीन वर किंवा तीन खाली."

"आणि शेजारच्या चौऱ्याण्णवात?"

"चाळीसची."

निंबकरांचं हसू मावळलं. "चाळीस? कशी काय?"

"त्यांच्याकडे नाही म्हणणाऱ्यांना काढून टाकलं आहे. त्यांना काय येत नाही, हे मला कधी ऐकायलाच मिळालं नाही. उरलेला अंदाज आहे."

"मग इतके दिवस बोलला का नाहीस?" नाझिम ओरडला.

"कुणी विचारलं नाही. दारावर एकच आकडा दाखवायचा आदेश आहे."

निंबकर घाम पुसू लागले. "हे मला लिहून नेता येणार नाही. चूक किती, हे लिहायला अर्जात रकानाच नाही."

"मग आम्हीच लिहितो." मृदुलाने खडू उचलला, बाहेर गेली आणि दारावर बावन्नच्या खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'चूक तीनची. वीस आठवडे. आक्काताई इथेच राहणार.' "द्यायचं तर असंच द्या. नाहीतर दुसऱ्या कुणाला द्या, पण त्यांना विचारा की तुम्हाला काय येत नाही."

निंबकर उंबऱ्यावर अर्ज हातात धरून उभे राहिले.

"साहेब," आक्काताईंनी हळूच विचारलं, "पाचच्या बसनं घाट उतरनार न्हवं?"

"हो."

"तिचा ब्रेक कुनी केलाय?"

निंबकरांनी शेजारच्या हिरव्या आकड्याकडे पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "तो करताना 'जमणार नाही' असं कुणी म्हटलं असेल का हो?"