दुसरी डबी

मी कंपाउंडर नव्हतो. अंधेरीच्या क्षयाच्या दवाखान्यात मदतनीस होतो. नीला सिस्टर घरोघर जाऊन इंजेक्शनं द्यायच्या. बॅग मी उचलायची, स्पिरिटच्या स्टोव्हवर सिरिंज मी उकळायची, थुंकीच्या डब्या मी गोळा करायच्या. शिक्षण चौथीपर्यंत. पण माझ्या हातून एकाची डबी दुसऱ्याच्या नावावर कधी गेली नाही.

१९६८ साल. मरोळ गावठाणात लूर्डसबाईंचं घर होतं. कौलारू, दोन खोल्या, पुढं ओटा. नवरा फिलिप सहा वर्षांपूर्वी क्षयानंच गेला होता. आता मुलगी सेराफिना आजारी. एकोणीस वर्षांची. चार महिने सुया टोचून घेत होती, गोळ्या गिळत होती, आणि वजन उतरतच होतं.

"जयवंतदादा, तुम्ही कधी हसता का हो?" ती विचारायची. "सुईपेक्षा तुमच्या तोंडाचीच भीती वाटते."

"अंग सैल सोड," मी म्हणायचो.

एक दिवस सिस्टर ओट्यावर येऊन हळूच म्हणाल्या, "घरात दुसरं कोणीतरी खोकतंय, जयवंत. त्याला शोधलं नाही तर ही पोर जाईल."

लोक रोगी लपवायचे. लग्नं मोडायची ना. मी घर नजरेखालून घातलं. अशा घरात रोग्याचा कप वेगळा ठेवतात, मोरीजवळ खिळ्याला. इथं दोन खिळे होते, दोन कप. दोन्ही ओले.

"हा दुसरा कोणाचा?"

लूर्डसबाई मासे साफ करत होत्या. हात थांबला. "फिलिपचा."

"सहा वर्षं झाली, बाई."

"सवय, भाऊ..."

सवयीनं कप ओला होत नाही. मी एक जादा डबी काढून त्या कपाखाली ठेवली. "जो कोण असेल त्याला सांगा, सकाळी उठल्याबरोबर यात थुंकायचं."

त्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली फक्त.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबी जड लागली. तपासणीत जंतूच जंतू निघाले.

"आता माझ्या खुर्चीवर तूच बस रे, बॅग मी उचलते," सिस्टर म्हणाल्या. मी मान ताठ करून चाललो. दुपारी आम्ही दोघांनी ते घर धुंडाळलं. खाटेखाली, माळ्यावर, मागच्या विहिरीशी. कोणी नाही. शेजाऱ्यांनीही सांगितलं, मायलेकी दोघीच राहतात.

ऊन रणरणत होतं. सगळं गावठाण झोपलेलं. सुक्या बोंबलांचा वास भरून राहिला होता. आतल्या खोलीत सेराफिना खोकली. आणि ती थांबल्यावर, त्याच खोलीतून, दुसरा खोकला आला... जाड. पुरुषाचा.

सिस्टरनी माझं मनगट धरलं. मी पडदा सारला. पोरगी एकटीच पडली होती.

"पपा आहेत," ती म्हणाली. "त्यांना माझ्याशिवाय करमत नाही."

बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, "आजच्या आज हिला इथून हलवायचं."

वाकोल्याला एमिलिया नावाची एक विधवा होती. सिस्टरच्या हाताखाली बरी झालेली. ती ठेवून घ्यायला तयार झाली. टॅक्सी आली तेव्हा लूर्डसबाई दारातच उभ्या राहिल्या. "मी निघाले तर तोही निघेल. मी राहते. आणि भाऊ... कुठं नेता ते मलासुद्धा सांगू नका."

मला ते खुळचट वाटलं. पण पत्ता सांगितला नाही.

तीन महिन्यांत सेराफिनाचं वजन नऊ पौंड वाढलं. खोकला थांबला. तिचं नाव दुसऱ्या दवाखान्यात नोंदवायचं होतं, त्याच्या कागदावर घरच्या माणसाचा, म्हणजे आईचा, अंगठा लागणार होता. सिस्टर रजेवर होत्या. मी एकटाच गेलो.

आमच्यात एक नियम होता. कागद पूर्ण वाचून दाखवल्याशिवाय अंगठा घ्यायचा नाही. मी तो नियम कधी मोडला नाही. कमी शिकलेला म्हणून तर मुळीच नाही. ओट्यावर उभा राहून, अक्षरावर बोट ठेवून, मी खणखणीत वाचलं. "सेराफिना फिलिप. वय एकोणीस. सध्या मुक्काम वाकोला, चर्चच्या मागे, एमिलियाबाई यांचे..."

लूर्डसबाईंनी माझ्या तोंडावर हात दाबला. माशाचा ओला हात.

आत कोणीतरी खोकत होतं. मी आलो तेव्हापासून खोकत असावं, माझं लक्ष गेलं नव्हतं. आता गेलं, कारण तो आवाज थांबला. मागच्या दाराची कडी निघाली.

"गेला..." त्या म्हणाल्या.

मी धावलो. बस मिळेना, मिळाली तर पुढं सरकेना. वाकोल्याला पोचायला तासभर लागला. एमिलियाबाई दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"काय झालं हो? घाम पुसा आधी."

"पोरगी?"

"झोपलीय. मगाशी हाक दिली का कोणी म्हणून उठली होती. परत झोपली."

मी आत डोकावलो. सेराफिना काथ्याच्या खाटेवर झोपली होती. गाल भरले होते. श्वास नीट चालला होता. तिनं पाय पोटाशी घेतले होते, पायथ्याशी कोणाला तरी बसायला जागा करून द्यावी तसे. आणि त्या मोकळ्या जागेत खाटेचा काथ्या जमिनीकडे ताणला गेला होता.