नव्या गोदामाचा वॉचमन

कंपनीच्या नव्या इमारतीचं काम कुठवर आलंय ते बघायला मोठे साहेब येणार होते, म्हणून इंजिनीअर सुट्टीच्या दिवशीही जेवण आटोपून साइटवर निघाला. दाखवण्यासारखं पुष्कळ होतं. पुढच्या ऑफिसला लादी बसली होती, मागच्या गोदामावर पत्रे चढले होते. एरवी माणूस खुशीत असता. पण त्या फाटकाजवळ जायचं म्हटलं की हल्ली त्याचे पाय जड व्हायचे.

कारणही तसंच होतं. साहेबांच्या मागच्या फेरीला त्याचे वडील अचानक तिथे आले होते. हा घरी चष्मा विसरला होता, तो द्यायचं निमित्त. खरी हौस मुलाची इमारत बघायची. म्हाताऱ्याचा जन्म सुतारकामात, दुसऱ्यांच्या स्लॅबखाली फळ्या ठोकण्यात गेलेला. पायात झिजलेल्या चपला, बाहीला रफू. साहेबांनी सहज विचारलं, हे कोण? आणि पोटचा पोरगा बोलून गेला, "वॉचमन आहे. नवीन ठेवलाय."

साइटवर वॉचमन नव्हताच.

बाबांनी ते ऐकलं. चष्मा सदऱ्याला पुसून त्यांनी मुकाट्याने विटांच्या थप्पीवर ठेवला, साहेबांच्या गाडीसाठी फाटक उघडलं आणि वर सलामही ठोकला. साहेबांसमोर तो चष्मा उचलायची याला लाज वाटली. नंतर पाहिलं तर तो थप्पीवर नव्हता. घरी बाबांनी त्या गोष्टीचा चकार शब्द काढला नाही, आणि पुढच्याच महिन्यात ते झोपेत गेले. माफी मागायची राहिली ती राहिलीच.

आज तो पोचला तेव्हा फाटक सताड उघडं होतं आणि साहेबांची गाडी आत उभी होती. इंजिनीअरने खिसा चाचपला. कुलपाची एकुलती एक चावी खिशातच होती.

साहेब मात्र खूश दिसले. तुम्ही उशीर केलात तरी काही अडलं नाही, म्हणाले; तुमच्या वॉचमनने सगळं फिरवून दाखवलं. भला माणूस. आमच्या साहेबांसारखा इंजिनीअर शोधून सापडायचा नाही, असं सारखं सांगत होता.

"कोण... वॉचमन?"

"तोच, मागच्या वेळचा. तुमच्या नात्यातला आहे का हो? चेहरेपट्टी जुळते."

'माझे वडील' हे दोन शब्द अगदी ओठांवर आले. एवढं बोलला असता तरी पुष्कळ होतं. पण साहेबांचे चकचकीत बूट समोर होते, आणि जीभ तिच्या सवयीने वळली.

"नाही... नात्यातला नाही."

साहेब मान डोलावून निघून गेले. इंजिनीअरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बापाला माणूस किती वेळा नाकारतो, असं वाटून त्याला स्वतःचीच किळस आली.

तो गोदामात गेला. उन्हं कलली होती, आतला अंधार कोपऱ्यांतून पुढे सरकत होता. सगळं बांधकाम लोखंडाचं, तरी हवेत ताज्या लाकडी भुशाचा वास होता. बाबांच्या कपड्यांना यायचा तोच. रिकामं गोदाम, साधं खाकरलं तरी आवाज घुमून परत यायचा.

"बाबा..." त्याने हाक मारली.

आवाज घुमला नाही. कोणीतरी तो मधेच झेलून घेतल्यासारखी शांतता पसरली. मग मागच्या कोपऱ्यातून, अगदी अदबीने, उत्तर आलं.

"जी, साहेब..."

तो घरी कसा पोचला ते त्याचं त्यालाच कळलं नाही. आई आणि बायको मावशीकडे गेल्या होत्या, घर बंद होतं. त्याने किल्ली काढली. ती कुलपाला लागायच्या आधीच दार आतून हळूच उघडलं आणि भिंतीला टेकलं. आत कोणी नव्हतं. भुशाचा वास तेवढा होता, आणि उंबऱ्याच्या आत, लख्ख पुसलेला त्याचा तोच हरवलेला चष्मा.

तो बाहेरच उभा राहिला. आत पाऊल टाकलं तर सलाम घ्यावा लागेल, या धाकाने त्याला पाय उचलता येईना.