न घातलेल्या बुटांची झीज

माणसाचा चेहरा त्याच्या लक्षात राहत नसे, टाच राहत असे. म्हणून सगळी गल्ली त्याला टाचेकाका म्हणायची. चाळीस वर्षं बूट शिवल्यावर त्याचं एक मत पक्कं झालं होतं, की माणूस तोंडाने हवं ते सांगतो, तळव्याने सांगू शकत नाही. बूट उलटा केला की त्याला कळायचं: हा जिने चढतो, हा नुसता उभा राहतो, आणि हा साहेबाच्या खोलीबाहेर चवड्यावर उभा राहतो.

त्याची बायको शाळेत भूगोल शिकवायची. एकतीस वर्षं तिने खडूने डोंगर काढले, खिंडी दाखवल्या, आणि एकाही डोंगराला पाय लावला नाही. कारण दर वसंतात टाचेकाका म्हणायचा, "पुढच्या वर्षी नक्की." ती निवृत्त झाली त्याच वर्षी मागच्या पायरीवरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी हाड जोडलं, काठी दिली, घरातल्या घरात फिरा म्हणाले. डोंगराचा विषय निघाल्यावर मात्र ते खिडकीबाहेर बघत बसले.

तिने जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर मिठाची बरणी, दुसऱ्यावर नवऱ्याची हातोडी. बर्फ वितळलं की निघायचं. पाच दिवस, चार मुक्काम, तिसऱ्या दिवशी खिंड. तंबू तिच्या भावाने आणून दिला आणि सांगितलं की त्याला दोन भोकं आहेत, पण ताई कुठे जाणार आहे, म्हणून ठिगळ लावलं नाही. ताईने त्यालाच सुईदोरा दिला.

टाचेकाकाने तिच्यासाठी बूट करायला घेतले आणि इथे त्याने धंद्यातली पहिली लबाडी केली. वरून बूट असे दणकट, की बघणाऱ्याला धाप लागावी. तळ मात्र घरात घालायच्या सपातांचा, पातळ चामड्याचा. डोंगरात तो अर्धा दिवस टिकला नसता. पण जायचं कुणाला होतं?

काम पुरं झालं की तो जोडीच्या नाड्या एकमेकींना बांधायचा, दोन फास आणि वर उलटी गाठ. ती गाठ फक्त त्याची. बूट त्याने दुकानातल्या फळीवर ठेवले. शेजारी स्वतःचे जुने बूट, नवे रबरी तळ लावून, आणि खुंटीला आपलं राखाडी जाकीट.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठ सुटलेली होती. शिलाईत ओली माती होती आणि चवड्याचं चामडं खरवडलेलं होतं.

त्याने बायकोला आडून आडून विचारलं. ती हसली. "अहो, मोजे रोज तुम्ही चढवता. मी बूट कशी घालीन?"

त्याने दोन्ही जोड कपाटात कोंडले, जाकीटही आत टांगलं आणि किल्ली कमरेच्या खिशात ठेवली. तिसऱ्या सकाळी कपाट उघडलं तर आतून ओल्या दगडाचा वास आला. चवडा आणखी झिजला होता. त्याने उंदरांवर संशय घेऊन पाहिला, पण उंदीर बूट कुरतडतात, घालून फिरायला जात नाहीत. शिवाय झीज तिचीच होती. खुबा मोडल्यापासून ती डाव्या पायाच्या बाहेरच्या कडेवर भार द्यायची, तशीच.

गंमत अशी, की त्याच आठवड्यात तिने काठी सोडली. अंगणाच्या फेऱ्या झाल्या, मग कोपऱ्यापर्यंत, मग कोपऱ्याच्या पलीकडे. डॉक्टरांनी विचारलं, नवीन काय करता. ती म्हणाली, नकाशा बघते.

टाचेकाकाला आनंद झाला. गेल्या कित्येक महिन्यांत प्रथमच तो शीळ घालत कपाटाशी गेला आणि बूट उलटे केले. चवड्याला आरपार भोक पडलं होतं.

टाच कोरी होती.

चवडा झिजतो चढाने, टाच झिजते उताराने. हे बूट वर गेले होते. खाली आले नव्हते.

दुपारपर्यंत त्याने लबाडीचा तळ उपटून जाड रबरी तळ दुहेरी शिवला आणि घाईत नाड्या न बांधताच बूट कपाटात ठेवले. मग बायकोसमोर बसून सगळं कबूल केलं आणि शेवटी म्हणाला, "यंदा राहू दे. पुढच्या…"

तिने नुसतं पाहिलं. त्याने वाक्य गिळलं.

तिने नकाशातल्या खिंडीवर बोट ठेवलं. "चढायचं माझं ठरलंय," ती म्हणाली. "उतरायचं कसं, ते तुम्ही ठरवा."

सकाळी त्याने कपाट उघडलं.

तिच्या बुटांच्या नाड्या बांधलेल्या होत्या. दोन फास, वर उलटी गाठ. बूट गळ्यात अडकवून आणल्यासारखी गाठ ताणली गेली होती.

त्याचे स्वतःचे बूट चिखलाने भरले होते. दोन्ही टाचा खोल झिजल्या होत्या, अगदी सारख्या. एका माणसाच्या वजनाने एवढी झीज होत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

जाकिटाचे दोन्ही खांदे ओढलेले होते, मुठीत धरल्यासारखे चुरगळलेले.

टाचेकाकाने चामड्याची मोठी गुंडाळी पाठीवर घेतली आणि माळ्याचा जिना चढायला लागला. वर, खाली, परत वर. चौथ्या फेरीला तो बोक्यासारखा फुसफुसत होता, पण चेहऱ्यावर बरंच समाधान होतं. निघायला अजून पाच आठवडे होते.

बायको दारात येऊन हात चोळत उभी राहिली. या वयात हे काय, असं विचारायला आली होती, पण बोलली वेगळंच.

"अहो, ही बोटं बघा ना. काहीतरी घट्ट धरून ठेवल्यासारखी आखडलीयेत."

त्याने गुंडाळी खाली ठेवली, तिचे हात हातात घेतले आणि एकेक बोट हळूहळू सरळ केलं.

"असंच धर," तो म्हणाला. "सोडू नकोस."

तिच्या नखांत राखाडी धागे होते, अजून ओले.