सावली विरुद्ध बुलडोझर

दाराआड कुणालातरी बेदम मार पडत होता. धप्प… धप्प… मग एक दबलेला हुंकार, आणि पुन्हा धप्प! समालोचकाचा त्या रेडिओ केंद्रातला हा पहिलाच दिवस. त्यानं आव पाहिला ना ताव, दार ढकललं आणि ओरडला, "सोडा त्याला!"

आत एक मुलगी उभी होती. हातात मुष्टियुद्धाचे जुने हातमोजे, आणि समोर ओल्या टॉवेलात गुंडाळलेली उशी.

"कोणाला सोडू?" तिनं विचारलं. "उशीला?"

"नाही, म्हणजे… मला वाटलं…"

"तुम्हाला तसं वाटलं म्हणजे आवाज जमला म्हणायचा. पण रेकॉर्डिंग चालू होतं ना हो माझं! आता यात तुमचं 'सोडा त्याला' आलं." मग तीच हसली. "जाऊ दे. प्रेक्षकांतलं कुणी ओरडलं असं समजू."

केंद्रात तिला सगळे आवाजवाली म्हणत. चाळणीत सुके वाटाणे फिरवून ती असा पाऊस पाडायची की आतल्या माणसांनाही छत्री शोधावीशी वाटावी. आणि नशीब बघा, समालोचकाला कार्यक्रम मिळाला तोच मुळी तिच्या जोडीनं. 'झाली असती लढत' असं त्याचं नाव. वेगवेगळ्या काळातले मुष्टियुद्धाचे दोन हेवीवेट विजेते घ्यायचे आणि त्यांना एका काल्पनिक रिंगणात उतरवायचं. लढत तो लिहायचा, तोच थेट प्रक्षेपणात सांगायचा आणि आवाज ती द्यायची. निकाल त्याच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसे, तिलाही नाही. माइक चालू असताना बोलायची सोय नव्हती, म्हणून सगळा कारभार डोळ्यांनी. त्याची पापणी मिटली की डावा ठोसा, भुवई उडाली की उजवा. बोट वर गेलं की कुणीतरी कोसळला, आणि आवाजवाली स्टुलावरचं वाळूचं पोतं लाकडी फळीवर ढकलायची.

आता दर आठवड्याला तासभर एखाद्या मुलीच्या डोळ्यांत बघत राहिलं की माणसाचं काय व्हायचं? अहो-जाहोचं अरे-तुरे कधी झालं ते कळलंच नाही, आणि पठ्ठ्या पुरता घायाळ झाला.

पण त्याच्या वाटेत एक माणूस उभा होता. चांगला धिप्पाड, रुंद खांद्यांचा. आवाजवालीच्या टेबलासमोर भिंतीला त्याचा फोटो लावलेला होता आणि ती रोज सकाळी त्याला "काय महाराज, बरे आहात ना?" असं विचारायची.

"हा कशाला इथे?" समालोचकानं एकदा न राहवून विचारलंच.

"सावली आहे तो! अंगाला कुणाचा ठोसा लागायचाच नाही, म्हणून सावली."

"माहीत आहे गं मला. पण भिंतीवर कशाला?"

"बघ तर खरं. समोरचा आडवा झालाय, सगळे ओरडतायत, आणि हा त्याला उठवायला हात पुढे करतोय." तिचा आवाज मऊ झाला. "असा माणूस… मिळतो का रे आता?"

समालोचकाच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याच्या वेळी समोर होतं तरी कोण? वजनानंही हलका. आजच्या विजेत्यासमोर, त्या बुलडोझरसमोर उभा केला ना, तर चेंदामेंदा होईल त्याचा."

"पंधरा फेऱ्या लढायची ती माणसं! तुझा बुलडोझर बाराव्या फेरीत धापा टाकतो."

"माझा कधी झाला तो?"

"त्याच्या बाजूनं एवढा भांडतोयस म्हणजे तुझाच."

घरी त्यानं हे ताईला सांगितलं. ताई भाजी चिरता चिरता सुरी बाजूला ठेवून हसली. "अरे, तो माणूस जाऊन किती वर्षं झाली! जळायचंच तर जिवंत माणसावर तरी जळ."

"जिवंत असता तर बरंच झालं असतं," तो तणतणला. "म्हातारा झाला असता. टक्कल पडलं असतं. आता हा मेला कायम तसाच राहणार, तरणाबांड!"

आणि नेमकं त्याच आठवड्यात श्रोत्यांनी मागणी केली की सावली विरुद्ध बुलडोझर लढत होऊन जाऊ दे. कार्यक्रमाच्या निर्मातीबाईंनी होकार दिला. समालोचकाला तर आनंदाच्या उकळ्याच फुटल्या. त्यानं एका बैठकीत लढत लिहून काढली. दुसऱ्या फेरीत सावली आडवा, खेळ खलास. लिहिताना त्याला जरासुद्धा लाज वाटली नाही, उलट छान झोप लागली.

रविवारी दुपारी प्रक्षेपणाचा लाल दिवा लागला. पहिली फेरी रंगली. दुसऱ्या फेरीत समालोचकानं आवाज चढवला, "बुलडोझरचा उजवा! थेट हनुवटीवर! आणि सावली… सावली कोसळला!"

त्यानं बोट वर केलं.

काहीच आवाज आला नाही. आवाजवालीचा हात पोत्यावर होता, पण पोतं जागचं हललं नव्हतं. ती त्याच्याकडे एकटक बघत होती.

"कोसळला…" तो पुन्हा म्हणाला. बोट हवेत नाचवलं. काचेपलीकडे निर्मातीबाईंनी कपाळाला हात लावला.

आवाजवालीनं मान हलवली. नाही! मग पोत्यावरचा हात काढून तिनं शेजारचे बूट उचलले आणि फळीवर वाजवले. टप टप टप… टप टप… हलकी, खट्याळ पावलं.

"कोसळला असं… असं वाटलं खरं!" समालोचकानं कसाबसा श्वास घेतला. "पण छे! तो तर उभा आहे, मंडळी! उभा आहे आणि चक्क नाचतोय!"

त्यापुढे लढत तिनंच चालवली. ती उशी बडवेल तसं तो बोलत गेला. तिचे डोळे आधी रागानं लाल होते, मग त्यात पाणी तरळलं, आणि आपली चोरी पकडली गेलीय हे समालोचकाला कळून चुकलं. आता ही आपल्याशी पुन्हा बोलणार नाही, या विचारानं तो आणखीच जीव तोडून ओरडू लागला. श्रोत्यांना वाटलं, काय रंगलाय गडी! पोतं एकदाही पडलं नाही. शेवटची घंटा झाली, लढत बरोबरीत सुटली.

निर्मातीबाई तणतणत आत आल्या. "असं लिहिलं होतं?"

"हो बाई," तो पटकन म्हणाला. "अगदी असंच."

बाई गेल्या. खोलीत दोघंच उरली.

"खोटं बोललास," आवाजवाली म्हणाली.

"तुला बोलणी बसली असती."

"दुसऱ्या फेरीत पडेल तो? तुला खेळ कळतो रे. मुद्दाम लिहिलंस तू. का?"

"कारण… कारण तू त्याच्याकडे बघतेस ना, तशी…" त्यानं हातातले कागद उगाच जुळवले. "तशी माझ्याकडे कधी बघत नाहीस. झालं समाधान? मेलेल्या माणसावर जळतो मी. हस आता."

ती हसली नाही.

"दर रविवारी तासभर मी तुझ्या पापण्यांवरून नजर हलवत नाही. ते काय असतं मग?"

"ते… कामाचं बघणं."

"लाल दिवा विझल्यावरही बघते," ती हळूच म्हणाली. "तू कागद गोळा करत असतोस. कळत कसं नाही रे तुला, बावळटा?"

समालोचकाच्या हातातले कागद निसटून खाली पडले. ते त्यानं कसेबसे गोळा केले आणि उलटेच धरून उभा राहिला! तिनं हातमोजे काढले, पदार्थ चाखावा तशी जरा वेळ त्याची फजिती चाखली आणि मग स्टुलावरच्या पोत्याला टेकून उभी राहिली.

"बरं, आता खरं सांग. समज, रिंगणात एका बाजूला सावली आणि दुसऱ्या बाजूला तू. काय होईल?"

"मी?" तो केविलवाणं हसला. "पहिल्याच ठोशाला आडवा."

"मुळीच नाही."

"का गं?"

"पाडणार कोण तुला?" ती म्हणाली. "पोतं मी ढकलणारच नाही."